पोटावर हात ठेवून

"पोटावर हात ठेव, आन मग सांग."

हे वाक्य ज्यांनी आमच्या सुभेदारांच्या तोंडून ऐकले नाही, त्यांना त्याचा जाच कळणार नाही. उजव्या हाताचा पंजा बेंबीच्या किंचित वर सपाट ठेवायचा, घाई करायची नाही, आणि विचारले असेल त्याचे उत्तर द्यायचे. उत्तर खोटे असेल तर पोट आखडते, खरे असेल तर हलके होते, असा त्यांचा सिद्धान्त होता.

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. सत्य जाणण्याची साधने कोणती, याचा आपल्या पूर्वाचार्यांनी किती काटेकोर विचार केला आहे, हे मला ठाऊक आहे. प्रत्यक्ष आहे, अनुमान आहे, आप्तवाक्य आहे. पोट कोठेही नाही. एकदा मी हे त्यांना सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरोबर आसंल गुरुजी. पर तुमी पोटावर हात न ठेवता बोलला."

आमचे गाव कडेगावपासून फार लांब नाही. उसाचे गाव आणि फौजेचे गाव. गल्लीगणिक एखादे तरी घर असे, की ज्यातला कर्ता पुरुष सीमेवर आहे किंवा सीमेवरून निवृत्त होऊन परतला आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात दर रविवारी सकाळी लहान मुलांचा वर्ग सुरू केला. पाच ते आठ वर्षांची मुले. प्रार्थना, एखादे सुभाषित, त्याचा अर्थ, एक गोष्ट आणि प्रसाद, असा क्रम. सत्य हे व्रत आहे आणि व्रत हे नित्य उच्चाराने, हळूहळू, अंगी मुरते, अशी माझी श्रद्धा आहे. आजही आहे.

सुभेदार सेवेतून घरी आले, तेव्हा पहिल्याच रविवारी मंडपात येऊन उजवीकडच्या खांबाला टेकून बसले. उंचेपुरे, मिशा पांढऱ्या, पायांत करकरणारी कोल्हापुरी चप्पल, आणि सदऱ्याच्या खिशात बेदाणे. त्यांची लेक तासगावला दिली होती. तिच्या सासरी द्राक्षे वाळवण्याच्या शेड होत्या, त्यामुळे तो खिसा कधी रिकामा नसे.

"आपले काही काम होते का?" मी विचारले.

"न्हाई, न्हाई. मी नुसता बसतो."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेले हे सर्वांत मोठे असत्य.

मुलांनी सुभाषित म्हटले. उच्चार शुद्ध, स्वर एक. मी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला. तेवढ्यात खांबापासून आवाज आला, "झ्याक! आता मला सांगा, खोटं कोण कोण बोललं ह्या आठवड्यात?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग सुभेदारांनी स्वतःच्याच पोटावर हात ठेवला. "मी बोललो. डाक्टरनं इचारलं, चहा किती घेता? मी म्हणलं, दोन. पोट आसं आखडलं गड्या, की चौथा कप उतरंनाच." मुले खदखदून हसली आणि एकामागून एक हात पोटांवर जाऊ लागले. कोणी शेजारच्या परसातला पेरू, कोणी न धुतलेले पाय. प्रत्येक कबुलीनंतर सुभेदार दोन बेदाणे देत. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटले, "अहो, अपराधाला बक्षीस?"

"अपराधाला न्हाई. सांगिटल्याला."

त्या दिवसापासून माझा वर्ग माझा उरला नाही.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेलच. त्याचे चुकते कोठे, हे नेमके दाखवता येत नाही, आणि तो शेजारी असला की आपले काही सरळ पार पडत नाही. अशा माणसाबरोबर तुम्ही काही वर्षे काढली असतील, तर पुढचे मी सांगायची गरज नाही. तरी सांगतो.

देवस्थान समितीच्या अध्यक्षांच्या पत्नी एका रविवारी मोठ्या भक्तीने प्रसादाचा शिरा घेऊन आल्या. स्वतः वाढला आणि कौतुकाने विचारले, "कसा झालाय रे बाळांनो?" अशा प्रश्नाचे उत्तर काय द्यायचे, हे मुलांना शिकवावे लागत नाही. पण अथर्वने डाव्या हातात द्रोण धरला, उजवा हात पोटावर ठेवला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काकू, करपलाय. पण काजू चांगलेत."

अथर्व सात वर्षांचा. त्याचे वडील सैन्यात, आणि तो स्वतः सुभेदारांचा पट्टशिष्य. बाईंचा चेहरा उतरला. मी घाईघाईने म्हणालो, "उत्तम झाला आहे, फारच उत्तम." त्यावर वर्गातल्या सगळ्या मुलांनी माझ्या हाताकडे पाहिले. तो पोटावर नव्हता. खांबापाशी सुभेदार दोन्ही हातांनी मिशा झाकून हसत होते. पुढे कित्येक रविवार प्रसादाला केवळ साखरफुटाणे आले. काजूंबद्दल तो पोरगा खरे बोलला होता, याची मात्र कोणी दखल घेतली नाही.

याहून मोठा गोंधळ झाला तो मित्रांच्या बाबतीत. सुभेदारांचे म्हणणे असे, की लहान मुले आईबापांशी भीतीने खोटे बोलतात, ते समजते. पण मित्राशी खोटे बोलतात ते, आपण आहोत तसे त्याला आवडणार नाही म्हणून, आणि ते अधिक वाईट. "दोस्तासमोर सोंग काढलं, की दोस्ती त्या सोंगाशी हुती. आपण राहतो भायेर." विचार वाईट नव्हता. त्याचा प्रयोग भयंकर होता. प्रत्येकाने आपल्या मित्राला, आजवर लपवलेली एक गोष्ट सांगायची. एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "मला तुझं घर-घर आवडत नाही, तू मला रोज मोलकरीणच करतेस." एक मुलगा म्हणाला, "मी तुझ्याशी खेळतो, कारण तुझ्याकडे सायकल आहे." थोड्याच वेळात अर्धा मंडप रडत होता आणि उरलेला अर्धा भांडत होता. संध्याकाळी आया माझ्या दारात.

"आवं, पुढच्या ऐतवारी बगा," सुभेदार म्हणाले, "मांडीला मांडी लावून बसत्याल."

आणि पुढच्या रविवारी ती खरोखरच मांडीला मांडी लावून बसली. सायकलवाला आणि बिनसायकलवाला शेजारी शेजारी. मला अधिक सतावते ते हेच. माणूस सरळ सरळ चुकला असता, तर मी त्याला क्षमा केली असती.

आता राणीविषयी सांगतो. ही सारी हकीकत तिच्यासाठी आहे.

राणी सहा वर्षांची. आपल्या मावशीकडे राहून शाळेत जाई. आईवडील पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले मेंढपाळ. दिवाळी झाली, की मेंढरे घेऊन पश्चिमेकडे निघायचे, पाऊस जवळ आला की परतायचे. मुलीची शाळा अशा फिरतीत होणार कशी, म्हणून तिला मावशीच्या ओटीत घातलेले. हे मला तिच्या मावशीने पहिल्याच दिवशी देवळाच्या पायरीवर सांगितले होते. "आमचं दाजी मेंढरं घिऊन फिरत्यात गुरुजी. पोरगी गुणाची हाय, जरा बगा."

राणी बोलायची अगदी पुस्तकातल्यासारखी. 'आहे', 'नाही', 'मला आवडते.' गावची मुले तसे बोलत नसत. मला ते फार आवडे.

आमच्या वर्गात मुलांच्या गप्पा वडिलांच्या सुट्टीभोवती फिरत. कोणाचे बाबा आले, त्यांनी कॅन्टीनमधून काय आणले, पुन्हा कधी जाणार. एके दिवशी अथर्वने राणीला विचारले, "तुझे बाबा कुठं असतात?"

"फौजेत," ती म्हणाली. "डोंगरात असतात. फार थंडी असते. तंबूत राहतात. रात्रभर जागून पहारा करतात. सुट्टी मिळत नाही."

मी सुभेदारांकडे पाहिले. सत्याचा एवढा मोठा कैवारी समोर बसलेला, आणि मुलगी उघड उघड खोटे बोलते आहे. ते म्हणाले, "रातभर? लय अवघड काम हाय गं ते," आणि तिला दोन बेदाणे दिले.

वर्ग सुटल्यावर मी त्यांना गाठले. "सुभेदार, या मुलीचे वडील सैन्यात नाहीत."

"ठावं हाय मला. तिचा बा दरसाल माझ्याच रानात मेंढरं बसवतो."

ऊस तोडून कारखान्याला गेला, की रान मोकळे होते. मग मेंढपाळाला बोलावून त्याचा कळप काही रात्री त्या रानात बसवून घ्यायचा. लेंड्या-मुतांनी जमीन पोसते, मेंढपाळाला धान्य मिळते. आमच्याकडची ही जुनी रीत. म्हणजे सुभेदार त्या गृहस्थांना माझ्याहून कितीतरी अधिक ओळखत होते.

"मग आपण तिला थांबवले का नाही?"

"गुरुजी, त्या पोरीनं योकच शब्द खोटा सांगिटला. फौज. बाकीचं डोंगार, थंडी, पहारा, समदं खरंच की."

"असत्य ते असत्य. मी तिला बाजूला घेऊन प्रेमाने समजावतो."

"नगा. तिचं पोट तिला सांगंल. तिनं आपणहून सांगाय पायजे, तिच्या दोस्ताला. आपण सांगिटलं, तर ती आपल्याला भिऊन खरं बोलंल. त्येचा काय उपेग?"

मी थांबलो. थांबण्याची मला सवय आहे. परंतु असत्य थांबत नाही. पुढच्या रविवारी राणीच्या वडिलांना बंदूक मिळाली, त्याच्या पुढच्या रविवारी पदक. मग हेलिकॉप्टर आले. दर वेळी मी खांबाकडे पाही आणि दर वेळी तेथून, "आसं व्हय? मग?" एवढेच ऐकू येई. सांगतानाचा त्या मुलीचा चेहरा मात्र मला पाहवत नसे. ती हसत असे, पण हात पोटापासून दूर, पाठीमागे बांधलेले असत.

प्रजासत्ताक दिन जवळ आला. त्या दिवशी शाळेच्या मैदानावर फौजी वडिलांच्या मुलांना पहिल्या रांगेत उभे करतात. वडिलांचे छायाचित्र हातात धरायचे असते. राणीने सांगून टाकले, की तीही पहिल्या रांगेत उभी राहणार. अथर्व तिचा जवळचा मित्र; दोघे एकाच डब्यात खात. तो तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग वळून म्हणाला, "सुभेदार आजोबा, राणीचे बाबा खरंच फौजेत आहेत का?"

राणीने मान खाली घातली.

"तिलाच इचार की रं," सुभेदार म्हणाले.

"तिला विचारलं. आता तुम्ही सांगा. पोटावर हात ठेवून सांगा."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझी मदत मागितली ती त्या एका दृष्टिक्षेपाने. मी टाळी वाजवली आणि म्हणालो, "चला, चला, हात जोडा, प्रार्थनेची वेळ झाली." एकाही मुलाने हात जोडले नाहीत. सगळे हात पोटांवर होते आणि सगळे डोळे खांबाकडे.

त्यांनी पंजा पोटावर ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले.

राणी उठली. तिने पायरीवरची आपली चप्पल घेतली, पायांत न घालता हातातच धरली आणि निघून गेली. तिच्या पाठीमागे अथर्व ओरडला, "खोटारडी!" आणि मग तोच रडू लागला.

त्या दिवशी मी सुभेदारांना जे बोललो, तसे मी कोणाला बोलत नाही. "एकान्तात चार शब्द बोलायचे, तेव्हा आपण मौन धरलेत. मौन धरायचे, तेव्हा चारचौघांत बोललात. त्या लेकराला आपण भर सभेत उघडे केलेत. हे आपले सत्य?"

ते खाली बघत चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होते. "व्हय. चुकलं माझं," ते म्हणाले. "मला वाटलं, खरं बोललं की भागतं."

हे एवढ्या सहज कबूल करून त्यांनी माझा अर्धा राग निष्फळ केला. तेही मला आवडले नाही.

राणी पुढच्या रविवारी आली नाही. त्यानंतरही आली नाही. शाळेत जाई, पण मुलांत मिसळत नसे. मधल्या सुट्टीत डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे बसे. प्रजासत्ताक दिनी पहिल्या रांगेत उभा राहून अथर्व सारखी मान वळवून मागे पाहत होता, आणि त्याच्या हातातले वडिलांचे छायाचित्र वाकडे झाले होते. "ती माझ्याशी बोलतच नाही गुरुजी," तो मला म्हणाला. "तिनं मला तरी सांगायचं होतं."

सुभेदार मावशीच्या दारात जाऊन बसले. राणी बाहेर आली नाही. ते दुपारभर पायरीवर बसून राहिले आणि निघताना बेदाण्यांची पुडी उंबऱ्यावर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

"काय झाले?" मी विचारले.

"बेदाणं घितलं. मला न्हाई घितलं."

पुढे ऊस गेला, रान मोकळे झाले, आणि एका रविवारी मी देवळात पोहोचतो, तो सभामंडप रिकामा. सुभेदार रस्त्यावर मुलांच्या दोन रांगा लावून उभे. "गुरुजी, आज वर्ग रानात! मेंढरं आल्यात."

मला विचारण्याची रीत त्यांच्या पलटणीत नसावी. मी धोतर वर खोचले आणि मागोमाग निघालो. रानातल्या ओल्या सऱ्यांतून, उसाच्या खोडक्यांवरून ठेचाळत, एका हाताने धोतर आणि दुसऱ्या हाताने नाक धरून. मुले पुढे धावत होती.

रानाच्या मधोमध जाळ्याचे कुंपण लावलेले. त्याला वाघर म्हणतात. आत कोकरे, बाहेर चरायला निघालेला कळप, बाजूला बिऱ्हाड वाहणारी घोडी, आणि तांबडे पागोटे बांधलेला, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक किडकिडीत माणूस. राणीचे वडील. मुलांना ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. आणि मला आणखी एक गोष्ट दिसली. घोडीच्या पलीकडे, तिच्या पायांच्या मधून, शाळेचा निळा झगा दिसत होता. राणी रविवारची वडिलांकडे आली होती. मांडीवर कोकरू घेऊन ती खाली वाकून बसली होती, इतकी, की कोकरू दिसावे आणि ती दिसू नये.

मी सुभेदारांचा सदरा ओढला. "ती तेथे आहे."

"आयला," सुभेदार म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला कळले, की हे त्यांना ठाऊक नव्हते.

मुले वाघरीपाशी जमली होती. अथर्वने त्या गृहस्थांना विचारले, "काका, ही सगळी तुमची?"

"व्हय. माजीच."

"रात्री कुठं झोपता?"

"हितंच. झोपतोय कशाचं? लांडगा येतो, कुत्री येत्यात. जागायचं रातभर."

"थंडी वाजत नाही?"

"वाजती की. तिकडं डोंगराला तर लय."

अथर्वने कपाळाला आठी घातली. मला वाटते, हे त्याने पूर्वी कोठे तरी ऐकले आहे असे त्याला वाटत असावे. मग त्याने विचारले, "तुम्हाला मुलं आहेत?"

त्या माणसाने घोडीकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही. मावशीने त्याला सारे सांगितले असणार. काठी या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, "हाय योक पोरगी. पर ती हितं नसती. लांब असती."

तुम्ही तेथे असता, तर तुम्हीही माझ्यासारखेच सुभेदारांकडे पाहिले असते. सत्यासाठी ज्याने एका मुलीचा रविवार मोडला, तो माणूस आता काही बोलेल की नाही? सुभेदार वाकून चपलेतला काटा काढत होते. मन लावून, सावकाश, जणू तो काटा काढण्यासाठीच ते फौजेतून परत आले होते. त्या क्षणी मला त्यांचा जितका संताप आला, तितका आयुष्यात कोणाचा आला नसेल. त्यांच्या चपलेत काटा नव्हता, हे मला नंतर समजले.

घोडीच्या मागून आवाज आला.

"आबा, पोटावर हात ठिवून सांग."

राणी उभी राहिली. कोकरू उराशी धरलेले, केसांत गवत. "मी लांब न्हाई. मी हितंच हाय."

ती तिच्या घरची बोली होती. तिच्या तोंडून ती आमच्यापैकी कोणीही त्यापूर्वी ऐकली नव्हती.

त्या बिचाऱ्या बापाला हा हाताचा प्रकार काय आहे, ते कळेना. पण मुलीने सांगितले म्हणून त्याने काठी काखेत धरली, पंजा पोटावर ठेवला आणि म्हणाला, "हाय. माजीच पोरगी हाय ही."

अथर्व तिच्याकडे पाहत होता. "एवढी मेंढरं आहेत तुमच्याकडं?" तो म्हणाला. "आणि तू मला सांगितलं नाहीस? आमच्याकडं नुसती एक म्हैस आहे. ती पण मारकी."

"तू मला खोटारडी म्हणलास."

"तू खोटं बोलली होतीस की!"

"बोललेच हुते." तिने कोकरू दुसऱ्या हातावर घेतले. "पर तू सगळ्यांसमोर म्हणलास."

"मग आता सगळ्यांसमोर नाही म्हणू?"

"म्हण."

तो वळला आणि मेंढरांसकट सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडला, "राणी खोटारडी नाही! होती, पण आता नाही!"

तिला ते पुरेसे वाटले असावे. "धर," ती म्हणाली. "मानंला धरू नगंस. पोटाखाली हात घाल."

परतताना मी सुभेदारांना म्हणालो, "म्हणजे आपली काहीही योजना नव्हती."

"न्हवती. मला वाटलं, पोरगी मावशीकडं आसंल. पोरांनी आधी तिचा बा बगावा, मग तिला कसं बी बोलवू."

"आणि ती बाहेर आली नसती तर?"

"तर काटा काढत बसलो आसतो, गुरुजी."

राणी वर्गात परत आली. पुस्तकी भाषा सुटली ती कायमची. आता ती सुभाषिताचा अर्थही 'हाय' आणि 'न्हाई'मध्ये सांगते. मी आधी दुरुस्त करीत असे. हल्ली करीत नाही.

गेल्या पावसाळ्यात सुभेदारांच्या छातीत दुखू लागले. मुलाने त्यांना पुण्याला नेले. तेथून ते परत आले नाहीत. गावात ज्यांना कळवायचे, त्यांना कळवले गेले. मुलांना मात्र असे सांगण्यात आले, की सुभेदार आजोबा मुलाकडे राहायला गेले आहेत. समितीचे अध्यक्ष स्वतः माझ्याकडे आले. "गुरुजी, लहान लेकरं हायती. तुमी बी काय बोलू नका." अथर्वच्या आईचेही हेच म्हणणे होते. आणि प्रामाणिकपणे सांगायचे, तर माझेही.

मी एक वाक्य तयार केले. व्याकरणात मी कच्चा नाही. 'सुभेदार आता फार दूर गेले आहेत, तेथे त्यांना कोणताही त्रास नाही.' माझ्या श्रद्धेप्रमाणे त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

रविवारी राणी पुढेच बसली होती. प्रार्थना झाली आणि ती म्हणाली, "गुरुजी, सुभेदार आजोबा कवा येणार?"

मी वाक्य सुरू केले. 'सुभेदार आता' एवढे म्हणून झाले असेल, तोच माझ्या लक्षात आले, की मुलांनी आपापल्या पोटांवर हात ठेवले आहेत. मला कोणी काही सांगितले नाही. कोणी काही मागितले नाही. मुले नुसती ऐकत होती, त्यांची ऐकायची सवयच तशी झाली होती.

मी माझा पंजा पोटावर ठेवला. त्या माणसाच्या हयातीत एकदाही ठेवला नव्हता.

"ते वारले, बाळांनो," मी म्हणालो. "आता येणार नाहीत."

काही मुले रडली. काहींनी 'वारले' म्हणजे काय ते शेजाऱ्याला विचारले, आणि शेजाऱ्याने सांगितले. राणी रडली नाही. ती खांबाकडे पाहत राहिली. बऱ्याच वेळाने अथर्व उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, झालं का हलकं?"

"नाही," मी म्हणालो. "मुळीच नाही झाले."

खरे बोलले, की पोट हलके होते, असे सुभेदार इतकी वर्षे छातीठोकपणे सांगत आले. ते साफ चूक होते. त्यांची एवढी निर्विवाद चूक माझ्या हाती प्रथमच लागली होती, आणि ती दाखवायला मी वळलो, तर खांबापाशी कोणी नव्हते.